डोंगराचे मोल

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, कोरपना तालुक्यात, गडचांदूर हे गाव वसलेले आहे. गावाच्या उत्तरेस वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन दूरवर पसरली आहे, तर दक्षिणेस माणिकगडच्या डोंगरांची रांग क्षितिज अडवून उभी आहे. या डोंगरांत काळ्या पाषाणाचा एक प्राचीन दुर्ग आहे. त्याच्या पडक्या तटांवर आता झाडी वाढली आहे आणि वाघ-अस्वलांच्या भीतीने तेथे एकट्यादुकट्याने कोणी जात नाही. दुर्गाच्या भोवतालच्या रानात कोलाम आणि गोंड लोकांची लहान लहान गावे आहेत. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होता. १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये त्या वेळच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला.

पन्नास वर्षांपूर्वी गडचांदूर हे एक साधे खेडे होते. कापूस आणि ज्वारी पिकवावी, पोळ्याला बैल सजवावे, आठवड्याचा बाजार करावा, असा तेथील लोकांचा क्रम असे. आज तेथे मालमोटारींची रांग रात्रंदिवस संपत नाही. गावाला लागूनच सिमेंटचा प्रचंड कारखाना उभा आहे. आवारपूर, उपरवाही, नारंडा येथे आणखी कारखाने आहेत. एवढ्याशा टापूत इतके कारखाने का एकवटले, याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे.

पृथ्वीवर अजून मासासुद्धा जन्माला आला नव्हता, अशा अतिप्राचीन काळी येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचत गेला आणि त्याची चुनखडी बनली. त्यानंतर फार मोठा काळ लोटला. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, याच प्रदेशात दलदली आणि घनदाट अरण्ये होती. ती अरण्ये गाळाखाली गाडली गेली, दाब आणि उष्णता यांनी त्यांचे रूप पालटले आणि त्यांचा कोळसा झाला. त्या काळच्या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञ ‘गोंडवन’ खडक म्हणतात. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ही एकेकाळी ज्या महाखंडात जोडलेली होती, त्या महाखंडालाही हेच नाव मिळाले आहे. जगातील प्रत्येक विद्यापीठात उच्चारले जाणारे हे नाव मूळचे आपल्या गोंड लोकांच्या भूमीचे आहे, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

चुनखडी आणि कोळसा हे दोन दगड एकमेकांच्या शेजारी मिळणे ही सिमेंटच्या दृष्टीने मोठी पर्वणीच होय. चुनखडी दळून तिच्यात थोडी चिकणमाती मिसळतात आणि ते मिश्रण एका फिरत्या, लांबलचक भट्टीत सुमारे १,४५० अंश उष्णतेपर्यंत भाजतात. त्यासाठी कोळसा लागतो. भट्टीतून जे काळसर गोळे बाहेर पडतात त्यांना ‘क्लिंकर’ म्हणतात. त्यात थोडा जिप्सम घालून दळले की सिमेंट तयार होते. एक टन सिमेंटसाठी साधारणतः दीड टन चुनखडी खर्ची पडते. शाळेची इमारत, गावचा पूल, धरणाची भिंत, शौचालयाचे भांडे बसविण्याचा चौथरा, या सर्वांना हे सिमेंट हवे असते. तेव्हा खाण म्हणजे केवळ दुष्टावा, असे मानणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या दिव्याच्या उजेडात मुले अभ्यास करतात, त्या दिव्याची वीजही बहुधा कोळशातूनच आलेली असते. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे जे महाऔष्णिक वीजकेंद्र आहे, त्याची क्षमता २,९२० मेगावॅट एवढी आहे. त्याची वीज दूरदूरच्या शहरांना जाते. खुद्द त्याच्या भोवतालच्या खेड्यांत मात्र उन्हाळ्याच्या दिवसांत दिवे गेल्याची तक्रार नेहमी ऐकू येते.

आता खाण कशी खणतात ते पाहू. पूर्वी कोळशाच्या खाणी बहुधा भूमिगत असत. जमिनीत विवर पाडावे, आत बोगदे काढावेत, छताला लाकडी खांबांचा टेकू द्यावा आणि दिव्याच्या अंधूक उजेडात कोळसा फोडावा, अशी ती पद्धत होती. याच जिल्ह्यातील वरोरा येथे इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशाची खाण चालविली आणि तो कोळसा वाहून नेण्यासाठी वर्ध्याहून आगगाडीचा फाटा आणला. भूमिगत खाणीतील मजुराचे जिणे अत्यंत कष्टाचे व धोक्याचे असते. परंतु वरचे शेत, रस्ता आणि रान बऱ्याच अंशी शिल्लक राहते. पुढे अवजड यंत्रे आली. खाली उतरून कोळसा वर आणण्यापेक्षा कोळशावरचे सारे आवरणच काढून टाकावे, हे स्वस्त आणि जलद पडू लागले. ही खुली खाण होय. देशातील कोळसा खाणींचे १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. वृत्तपत्रांत तिला ‘वेकोलि’ म्हणतात. घुग्घुस, सास्ती, पौनी, पद्मापूर, दुर्गापूर, भटाळी या भागांत वेकोलिच्या विस्तीर्ण खुल्या खाणी झाल्या.

खुल्या खाणीत प्रथम झाडे तोडतात. मग सुपीक माती खरवडतात. त्यानंतर छिद्रे पाडून त्यांत सुरुंगाची दारू भरतात आणि खडक फोडतात. यांत्रिक फावडी तो फोडलेला खडक राक्षसी मालमोटारींत भरतात. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी जे माती-दगड काढावे लागतात, त्यांना खाणीतले लोक ‘ओबी’ म्हणतात. अनेक खाणींत एक टन कोळसा हाती यावा म्हणून तीन-चार घनमीटर ओबी उपसावी लागते. तीन-चार घनमीटर दगडमाती म्हणजे सहा ते आठ टनांहून अधिक ओझे. म्हणजे कोळसा गाडीत बसून निघून जातो आणि त्याच्या कित्येक पट ओझे गावाच्या वेशीवर राहते. या ढिगाऱ्यांचे कृत्रिम डोंगर होतात. निसर्गाने उभ्या केलेल्या डोंगरात आणि या डोंगरात फरक असा, की पहिल्यात खडक, माती, मुळे आणि पाणी यांची एकमेकांना घट्ट मिठी असते. दुसऱ्यात काहीच कशाला धरून नसते. पावसाळ्यात त्याची माती वाहत नाल्यात येते.

चंद्रपूर शहराला वळसा घालणारी इरई नदी हे याचे जवळचे उदाहरण. तिच्या काठाने खाणींचे ढिगारे उभे आहेत. त्यामुळे पात्र उथळ व अरुंद झाले, अशी तेथील नागरिकांची अनेक वर्षांची तक्रार आहे. जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि इरई या दोन्ही नद्यांना पूर आला, तेव्हा शहराचा सखल भाग व काठची गावे पाण्यात गेली. पुराला अतिवृष्टी हे कारण होतेच. परंतु पाण्याला पसरण्यास आणि वाहण्यास जागा उरली नाही, की तोच पाऊस अधिक घात करतो.

या ढिगाऱ्यांवर विलायती बाभळीचे काटेरी रान माजते. दुर्गापूरच्या परिसरात त्या रानात वाघ आणि बिबटे येऊन राहू लागले. शेजारीच वीजकेंद्र, कामगारांची वसाहत आणि रहदारी. तेव्हा माणसांवर हल्ले होऊ लागले आणि संध्याकाळनंतर मुलांना अंगणातही सोडण्याची सोय उरली नाही. वाघ गावात शिरला, असे आपण म्हणतो. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्या रानाचे तुकडे झाले आणि उरलेल्या तुकड्यांत हा एक ढिगारा त्याला निवाऱ्याचा वाटला, एवढेच.

धुळीची कथा तर प्रत्येक घरातील आहे. घुग्घुस किंवा राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या शेतात कापूस फुटतो तेव्हा तो पांढरा असतो. वेचणी होईपर्यंत त्यावर काळसर पुट चढते आणि व्यापारी भाव पाडतो. खोल खाणीत साचणारे पाणी पंपाने सतत बाहेर टाकावे लागते. त्यामुळे आसपासच्या विहिरी आटतात. सुरुंगाच्या धक्क्याने कच्च्या भिंतींना भेगा जातात. यांपैकी एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक भासते, आणि म्हणूनच तिची दाद लवकर लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी करून प्रदूषणाचे गुणांक काढले. त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि त्याचा क्रमांक सबंध देशात चौथा लागला. अधिक गुण म्हणजे अधिक दोष, अशी ती परीक्षा होती.

डोंगर फोडला जातो तेव्हा हानीला आणखी एक बाजू असते. माणिकगडचा डोंगर हा दगडांचा ढीग नव्हे. तो पाण्याचा साठा आहे. पावसाळ्यात त्याच्या रानातील पालापाचोळा आणि मुळे पाणी धरून ठेवतात. ते भेगांतून हळूहळू झिरपते आणि पुढे कित्येक महिने ओढ्यांना पुरते. गडचांदूरजवळचे अमलनाला धरण याच डोंगरांतून येणाऱ्या पाण्यावर भरते. डोंगराच्या अंगावर खाणीच्या पायऱ्या कोरल्या गेल्या, की पाऊस तेवढाच पडतो. परंतु तो थांबत नाही. धावत येतो आणि धावत जातो. ज्या कोलाम कुटुंबाचे पाणी झऱ्याचे, सरपण रानातले, आणि मोह, तेंदू, चारोळी ही उत्पन्नाची साधने, त्याचे नुकसान पैशांत मोजू लागले तर हिशेब फार लहान दिसतो. कारण त्याने या वस्तू कधी विकत घेतलेल्याच नसतात.

अमेरिकेच्या पूर्व भागात अपलाचियन नावाची पर्वतराजी आहे. तेथे वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी या राज्यांत कोळसा काढण्याची एक भयंकर रीत १९७० नंतरच्या दशकांत रूढ झाली. डोंगराच्या पोटात कोळशाचे थर आडवे असतात. बोगदा न खणता डोंगराचा माथाच सुरुंगाने उडवून देतात आणि फुटलेला खडक शेजारच्या दरीत लोटतात. डोंगर बसका होतो, दरी भरून जाते आणि दरीतील ओढा कायमचा गाडला जातो. १९९२ ते २००२ या दहा वर्षांत अशा रीतीने सुमारे १,२०० मैल लांबीच्या ओढ्यांना बाधा पोहोचली, असे तेथील सरकारच्याच पाहणीत आढळले. त्याच प्रदेशात, २६ फेब्रुवारी १९७२ रोजी, खाणीच्या गाळाने भरलेला एक बांध बफेलो क्रीक नावाच्या ओढ्यावर फुटला आणि १२५ माणसे वाहून गेली. खाणमालकांच्या बाजूने सांगण्यात आले, की ही देवाची करणी होय. बांध कोणी घातला होता, हा प्रश्न लोकांनी विचारलाच. श्रीमंत व सुशिक्षित देशातही असे घडू शकले, याचे कारण उघड आहे. डोंगरातील माणसे थोडी आणि गरीब होती, कोळशाचे गिऱ्हाईक दूर होते, आणि राज्याचा कारभार कोळशाच्या उत्पन्नावर टेकलेला होता.

हाच प्रश्न आपल्याकडे वेगळ्या वेषात उभा राहतो: डोंगराचे काय करावयाचे, हे कोणी ठरवावे?

चंद्रपूरहून मूलकडे जाताना लोहारा हे गाव लागते. त्याच्या परिसरातील रानाखाली कोळसा आहे. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान, जे १९५५ मध्ये स्थापन झाले आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुने आहे, तेथून फार दूर नाही. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे अदानी कंपनीचे वीजकेंद्र व्हावयाचे होते. त्यासाठी लोहाऱ्याचा कोळसा देण्याचे ठरले. त्या खाणीपायी हजारो एकर जंगल जाणार होते, आणि ताडोबातील वाघ ज्या रानपट्ट्यातून इतर जंगलांत ये-जा करतात, तो पट्टाही तुटणार होता. चंद्रपुरात लोक जागे झाले. ‘इको-प्रो’ या संस्थेचे तरुण कार्यकर्ते बंडू धोतरे यांनी २००९ मध्ये उपोषण केले. वकील, शिक्षक, निसर्गप्रेमी आणि निरनिराळ्या पक्षांतील माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या प्रस्तावाला दिलेली अनुमती काढून घेतली. खाण झाली नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिरोड्याचे वीजकेंद्र पुढे उभे राहिले आणि दुसरीकडच्या कोळशावर चालू लागले. हे रान दिले नाही तर वीजच मिळणार नाही, असे जे सांगितले जात होते, ते खरे नव्हते.

गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडची हकीगत मात्र निराळी आहे. एटापल्ली तालुक्यातील या डोंगरात कोळसा नाही. उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, आणि तेही डोंगराच्या वरच्या भागातच. म्हणून अमेरिकेतील त्या माथा उडविण्याच्या रीतीशी याचे साम्य अधिक जवळचे आहे. माडिया गोंडांच्या दृष्टीने हा डोंगर म्हणजे ठाकूरदेवाचे स्थान. दरवर्षी जानेवारीत तेथे जत्रा भरते आणि सुरजागड इलाख्यातील सुमारे ७० गावांचे लोक तिला जमतात. देवाला देऊळ नाही, कळस नाही. डोंगर हेच त्याचे देऊळ.

२००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला तेथे सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मिळाला. पुढे अनेक वर्षे काम होऊ शकले नाही, कारण या रानात नक्षलवाद्यांचा जोर होता. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खनिज वाहणाऱ्या कित्येक मालमोटारी जाळल्या. काम पुन्हा थांबले आणि २०२१ पासून मोठ्या बंदोबस्तात ते जोमाने चालू झाले. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा होती, ती २०२३ मध्ये १ कोटी टनांवर नेण्यात आली. या वाढीसंबंधी लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी जी जनसुनावणी झाली, ती एटापल्लीत झाली नाही. ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या गडचिरोलीत, २०२२ च्या ऑक्टोबरात झाली. रानातील माणसाने दिवसाची मजुरी बुडवून, भाडे भरून, पहाऱ्यातून वाट काढत तेथे यावे आणि आपले म्हणणे मराठीत मांडावे, ही अपेक्षा होती. त्याची भाषा माडिया आहे.

खाणीमुळे कित्येक तरुणांना रोजगार मिळाला, हेही तितकेच खरे आहे. त्या तालुक्यात नोकरी ही दुर्मीळ वस्तू होती. घरी दरमहा पगार येऊ लागला, की डोंगराविषयी बोलताना घरातच दोन मते होतात. बाप जत्रेला जातो आणि मुलगा खाणीत गाडी चालवतो. शिवाय खाणीविरुद्ध बोलावे तर नक्षलवाद्यांचा हस्तक म्हणवून घ्यावे लागते, आणि खाणीच्या बाजूने बोलावे तर नक्षलवाद्यांचे भय. दोन बंदुकांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला मत असते; ते उच्चारण्याची मोकळीक नसते. धूळ डोळ्यांना दिसते आणि तिचे मोजमाप करणारी यंत्रेही असतात. ही हानी मोजणारे यंत्र नाही.

कायदा मात्र या माणसाच्या बाजूने बरेच काही बोलतो. १९९६ मध्ये संसदेने आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा केला. त्याला ‘पेसा’ म्हणतात. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याने पिढ्यान्‌पिढ्या रान राखणाऱ्या गावांचा त्या रानावरील सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्याच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. त्या गावात कोणताही निर्णय बहुमताने होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत सभा चालते. स्वतःच्या रानातील बांबू त्यांनी स्वतः विकला आणि त्यातून गावाचा कारभार चालविला. ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. तो डोंगरिया कोंध लोकांचा देव. त्यावरील बॉक्साइट काढावे की नाही, हे ग्रामसभांना विचारा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितले. १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही सभांनी नकार दिला. डोंगर राहिला. कायद्याची अक्षरे सुरजागडला आणि नियमगिरीला एकच आहेत. फरक पडला तो प्रश्न कोठे बसून, कोणासमोर विचारला गेला, यामुळे.

२०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणचालक सरकारला जे स्वामित्वधन भरतो, त्याच्या प्रमाणात काही रक्कम त्याने या प्रतिष्ठानात जमा करावयाची असते. जुन्या पट्ट्यांच्या बाबतीत ही रक्कम स्वामित्वधनाच्या ३० टक्के आहे, नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के. ती पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर, आणि तीही खाणीची झळ पोहोचलेल्या गावांत आधी, खर्च व्हावी असा नियम आहे. या पैशाचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. तो मागणारी गावे अजून थोडी आहेत.

खाणीचे आयुष्य संपते तेव्हा तिचा खड्डा बुजवावा, त्यावर सुपीक माती पसरावी आणि झाडे लावावीत, असेही बंधन आहे. त्यासाठी खाण सुरू होतानाच माती निराळी काढून जपून ठेवावी लागते. ती जर पहिल्याच वर्षी ओबीत मिसळून गेली, तर पुढे तीस वर्षांनी ती आणावयाची कोठून? शेवटचा खड्डा तर बहुधा उघडाच राहतो, कारण तो भरण्याइतकी माती जवळ नसते. जी होती ती दूरच्या ढिगाऱ्यात पडलेली असते. राजुरा आणि घुग्घुसच्या परिसरात अशा खड्ड्यांत पावसाचे पाणी साचते. उंचावरून ते निळेशार दिसते. काठ सरळ तुटलेले असल्यामुळे गुरांना तेथे उतरता येत नाही, आणि गुराखी त्या बाजूला गुरे नेत नाहीत.